हात दाबण्याआधीचा प्रश्न

माझं डोकं वयात आल्यापासून दुखायचं. दुखायचं म्हणजे अर्धंच. सूर्य उगवला की डाव्या भुवईच्या वर ठणका सुरू व्हायचा, ऊन चढेल तसा चढायचा आणि दुपार कलली की आपसूक उतरायचा. अर्धशिशी म्हणतात ती हीच. माहेरी, जुन्नरकडे, सगळे उपाय करून झाले होते. सुंठ उगाळून कपाळभर लेप, सूर्य उगवायच्या आत दुधात बुडवलेली जिलबी, शेजारच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याचा मंत्र. त्यातली जिलबी तेवढी मला आवडली. एकदा कपाळावर डाग द्यायचंही घाटत होतं, पण वडील शाळामास्तर होते, त्यांनी ते होऊ दिलं नाही. लग्न ठरताना हे सासरच्यांना कुणी सांगितलं नाही. पोरीचं डोकं दुखतं हे काय सांगत बसायचं, असं आई म्हणाली.

सासर भोसरीला. तेव्हा ते नाशिक रस्त्याच्या कडेचं एक साधं गाव होतं. चाकणच्या बाजाराला कांदा घेऊन निघालेल्या बैलगाड्या पहाटे दारावरून जायच्या, आणि दुसऱ्या अंगाला पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहायला लागले होते. आमचे हे तिथल्याच एका नव्या औषधाच्या कारखान्यात फिटर होते, सायकलवरून जाऊन-येऊन करायचे. घरी थोडी बागायत, विहीर, एक म्हैस, सासूबाई आणि मामंजी. मामंजी म्हणजे माझे सासरे.

मामंजी पलटणीतून आलेले. दुसऱ्या लढाईत मलायात गेले आणि तिथे जपान्यांच्या कैदेत सापडले. परत आले तेव्हा सासूबाईंनी त्यांना ओळखलं नव्हतं म्हणे, इतके वाळले होते. लढाईचं ते काही बोलत नसत. तिथून त्यांनी दोनच गोष्टी आणल्या होत्या. एक बांबूची फणी, आणि दुसरी डोकं थांबवायची विद्या.

ती विद्या त्यांना एका म्हाताऱ्या चिन्यानं दिली होती. कैद्यांच्या छावणीत लाकडं फोडायला त्याला धरून आणलेला. ऊन, उपास आणि ओझी यांनी मामंजींचं डोकं फुटायची वेळ आली, तेव्हा त्यानं त्यांचा हात ओढून घेतला आणि अंगठा आणि पहिलं बोट यांच्या बेचक्यात मांसल जागेवर असा चिमटा धरला की मामंजी ओरडले. थोड्या वेळानं डोकं उतरलं. मग त्यानं मानेमागे, कवटीच्या खाली असलेल्या दोन खळग्या दाखवल्या, पावलावर अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या मधली जागा दाखवली. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. तो मामंजींच्या मानेवर फुंकर मारायचा आणि आपण कुडकुडून दाखवायचा. म्हणजे मानेतून वारा शिरतो, मान झाकून ठेव. कपाळापासून मानेपर्यंत फणी कशी सावकाश ओढायची, गरम पाण्यात पाय सोडून कसं बसायचं, रागात असताना का जेवायचं नाही, हे सगळं त्या माणसानं हातवारे करून शिकवलं. मामंजी त्याला चिनीबाबा म्हणत. त्याचं पुढे काय झालं ते त्यांना माहीत नव्हतं, किंवा माहीत असून ते सांगत नव्हते.

गावात हे पसरायला कितीसा वेळ लागणार? उन्हात कांदे खुरपणाऱ्या बायका, रात्रभर गाडी हाकून डोकं धरून आलेले गाडीवान, सगळे आमच्या ओसरीवर. मामंजी एक सुपारीसुद्धा घेत नसत. बाई आली की आधी सासूबाई तिला उंबऱ्याशी थांबवून कानाशी तोंड नेऊन काहीतरी विचारायच्या, मग मामंजींना मान हलवून दाखवायच्या, आणि तेव्हाच मामंजी तिच्या हाताला हात लावायचे. एखादीला सासूबाई तशाच परत पाठवायच्या. त्या काय विचारतात ते मला ऐकू येत नसे, आणि नव्या सुनेनं प्रश्न विचारायचे नसतात. विटाळाचं असेल, असं मी धरून चालले.

सुनेच्या हाताला मात्र सासऱ्यानं हात लावायचा नसतो. बोलायचंही नसतं. आमच्याकडे हे फार कडक होतं. मामंजी ओसरीवर असले की मी डोईवरचा पदर कपाळाच्या खाली ओढायचा, आणि त्यांना माझ्याशी काही बोलायचं असलं की त्यांनी ते सासूबाईंशी बोलायचं. सासूबाई नसल्या तर म्हशीशी. “आज शेरडाकडं कुनी बगितलं न्हाई वाटतं,” असं ते म्हशीला म्हणाले की मी शेरडाला पाला टाकायचा. आता हसू येतं. तेव्हा मला यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं, आणि आता हसल्यावरही पुढचं सगळं आठवतं, म्हणून मी फारशी हसत नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा डोकं उठलं तेव्हा मी चुलीपुढेच आडवी झाले. भीती वाटत होती की आता दुखणेकरी सून म्हणून माहेरी धाडतील. सासूबाई आत आल्या, माझ्या कपाळाला हात लावून पाहिलं आणि बाहेर जाऊन मामंजींना सांगितलं. मग भिंतीच्या पलीकडून मामंजींचा आवाज आला, “बेचक्यात धर. हाडाला लागू दे. वर न्हाई, आतल्या अंगाला.” सासूबाईंनी तसं धरलं. कळ थेट खांद्यापर्यंत गेली. मग मानेमागे, मग पावलावर. मग फणी. शेवटी मानेभोवती त्यांचं जुनं लुगडं गुंडाळून त्यांनी मला निजवलं. उन्हं डोक्यावर यायच्या आत माझं डोकं थांबलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी पडल्या पडल्या रडले, आणि त्या घराला मी त्याच दिवशी आपलं म्हटलं.

पुढे वर्षभर असंच चाललं. भिंतीपलीकडून मामंजी सांगायचे, भिंतीअलीकडे सासूबाई दाबायच्या. माझी पाळी कधी, मी बाहेर कधी बसले, हे सासूबाईंना ठाऊकच असायचं, त्यामुळे मला उंबऱ्यावरचा तो प्रश्न विचारायची वेळ कधी आली नाही.

मग नणंदेचं बाळंतपण आलं. तिचं घर चाकणच्या पुढे आणि तिला सासू नव्हती, म्हणून सासूबाईच तिकडे जाऊन राहिल्या. जाताना मला बजावून गेल्या, “घरात तू एकलीच बाई. बाहीर बसलीस तर चूल कोन पेटवंल? मी येस्तवर काही पाळू नगंस.” मला बरंच वाटलं. त्यामुळे माझे दिवस चुकलेत हे घरात कुणाच्या लक्षात यायचा प्रश्नच उरला नाही. माझ्या एकटीच्या लक्षात आलं. आईनं निघताना सांगितलं होतं की तिसरा महिना सरेपर्यंत नवऱ्याच्यासुद्धा कानावर घालायचं नाही, दृष्ट लागते. मी ते पाळलं. सासूबाई आल्या की आधी त्यांनाच सांगायचं, असं मनाशी ठरवून मी भाकरी थापत होते आणि आनंदात होते. तो आनंद मला अजून आठवतो. पिठाच्या डब्यावर टोपण ठेवतानासुद्धा मी जपून ठेवायची.

एका सकाळी डोकं उठलं. नेहमीपेक्षा वाईट. आमच्या ह्यांची त्या दिवशी सुट्टी होती. मी चुलीपाशी डोक्याला फडकं आवळून बसले होते, भाकरी करपत होती. करपल्याचा वास ओसरीवर गेला असणार. मामंजींनी ह्यांना हाक मारली आणि विचारलं, “डोकं उठलंय का आत?”

“व्हय,” हे म्हणाले.

मामंजी खाकरले. मग म्हणाले, “बाकी समदं बेस हाय न्हवं?”

“व्हय.”

“दुसरं काही येगळं न्हाई ना?”

“न्हाई. डोकंच.”

मी आतून हे ऐकत होते. ताप-बिप आहे का असं विचारताहेत, असं मला वाटलं. ह्यांनाही तेच वाटलं असणार. बाप मुलाला याहून उघड काय विचारणार? बायको पोटुशी आहे का, असं बापानं मुलाला विचारायचं आणि मुलानं सांगायचं, हे आमच्या घरात घडण्यातलं नव्हतं. शेजारणीला बोलावून विचारून घ्यावं, तर घरातली गोष्ट बाहेर. मामंजी मग आवाज चढवून भिंतीपलीकडून सांगायला लागले आणि हे आत येऊन माझ्यापुढे बसले. फिटरचे हात. पान्यानं नट आवळावा तसा त्यांनी माझा हात आवळला. “जोरात धर,” बाहेरून आवाज आला, “त्याबिगर उतरायचं न्हाई.” ह्यांनी हात दाबला, मान दाबली, पावलं दाबली. डोकं उतरलं. मी उठून नव्यानं भाकरी टाकल्या. जेवताना मामंजी म्हशीला म्हणाले, “आज भाकरी ग्वाड लागली.”

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, मागच्या अंगणात कांद्याच्या पाती कापत असताना, माझ्या पोटात कळ आली. काय होतंय ते मला कळायच्या आत सगळं होऊन गेलं. शेजारची म्हातारी धावली. तिनंच सगळं आवरलं, तिनंच चाकणकडे जाणाऱ्या गाडीवानाबरोबर सासूबाईंना निरोप धाडला.

सासूबाई आल्या त्या पाय न धुता आधी माझ्यापाशी आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, डोकं उठल्याचं आणि ह्यांनी दाबल्याचंसुद्धा. ते ऐकल्यावर त्यांचा हात माझ्या डोक्यावरून फिरायचा थांबला. “कुनी इचारलं न्हाई तुला?” त्या म्हणाल्या. काय विचारायचं होतं, असं मी म्हटलं. तेव्हा मला कळलं की उंबऱ्याशी बायकांच्या कानात त्या काय विचारत होत्या. चिनीबाबानं मामंजींना सगळ्यात शेवटी तेच शिकवलं होतं. हवेत मोठं पोट काढून दाखवलं होतं, मग मामंजींचा हात बेचक्यात धरायला पुढे करायला लावला होता, आणि त्या हातावर फाडकन मारलं होतं. गरवार बाईचं दाबायचं नाही.

सासूबाई बाहेर गेल्या. त्यांनी मामंजींना काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, एवढ्या हळू त्या बोलल्या. दाराच्या फटीतून मला मामंजी दिसत होते. त्यांनी डोईचा पटका काढून मांडीवर ठेवला होता आणि ते आपला उजवा हात डाव्या हातानं धरून बसले होते. त्यांनी तर मला दाबलंही नव्हतं. दाबलं होतं त्यांच्या मुलानं. पण तो हात ते आपलाच समजत होते.

आमच्या ह्यांनी मला पिंपरीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई स्वभावानं कडक होत्या, पण नीट बोलल्या. हात दाबल्यानं मूल जात नाही, पहिल्या खेपेला पुष्कळ बायकांचं असं होतं, त्याला काही कारण लागत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ह्यांनी घरी येऊन ते शब्द जसेच्या तसे अंगणात मामंजींना सांगितले. मामंजींनी ऐकून घेतलं.

“त्या बाईला ठाऊक आसंल,” ते म्हणाले. “पर ज्यानं मला शिकवलं, त्यानं माझ्या हातावर मारलं व्हतं.”

कोण खरं, ते मला आजही माहीत नाही. डॉक्टरीणबाईंचंच खरं असावं, असं मन म्हणतं. पण तेव्हा मला राग आला होता, आणि तो मामंजींचा नव्हता. मला त्या पदराचा राग आला होता, त्या भिंतीचा, म्हशीशी बोलण्याचा. एक साधं वाक्य. ते आईनं मला बोलू दिलं नाही, बापानं मुलाला विचारलं नाही, सासऱ्यानं सुनेला विचारलं नाही. चिन्यानं भाषा येत नसताना जे सांगितलं, ते आम्हाला एका घरात राहून, एकच भाषा बोलून सांगता आलं नाही. मी हे कुणाजवळ बोलले नाही. चिडून मी महिनाभर डाळीत मीठ जास्त टाकत होते, आणि कुणीही त्याबद्दल काही म्हणालं नाही.

मामंजींनी दाबायचं सोडलं. कुणी ओसरीवर आलं की म्हणायचे, “मला काही येत न्हाई, बाबा. पिंपरीला दवाखाना हाय.” लोकांना आधी खोटं वाटलं, मग राग आला, मग ते यायचे थांबले. फणी त्यांनी वळचणीला खोचून ठेवली. सासूबाईंनाही म्हातारपणी डोक्याचा त्रास सुरू झाला होता. त्यांनाही त्यांनी कधी हात लावला नाही. सासूबाई डोक्याला फडकं आवळून कण्हत पडायच्या आणि मामंजी ओसरीवर पाठ करून बसायचे. पन्नाशी उलटलेल्या बायकोला आता कसला धोका होता? पण हाताला तो विश्वासच उरला नव्हता. माझं डोकं उठलं की सासूबाई मला दाबायला बसायच्या, पण बाहेरून आवाज यायचा नाही, आणि त्यांच्या बोटांत पूर्वीचा जोर नसे. त्याही घाबरल्या होत्या. मीच एकदा हात काढून घेतला आणि ह्यांनी कारखान्यातून आणलेल्या गोळ्यांवर आणि फडक्यावर आले.

मला पुन्हा दिवस गेले नाहीत. याबद्दल फार लिहीत नाही. नवस झाले, आळंदीला जाऊन आलो, डॉक्टरीणबाईंनी तपासून काही दोष नाही असं सांगितलं. दोष नाही हे ऐकून काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. लग्नकार्यात बायका विचारायच्या, “काही हाय का?” मी म्हणायची, “न्हाई.” हा शब्द मला इतक्यांदा म्हणावा लागला की पुढे पुढे समोरचीनं तोंड उघडायच्या आत मी तो बोलून टाकायची.

मग एका उन्हाळ्यात सासूबाई तापानं गेल्या. आता घरात मी आणि मामंजी, आणि कारखान्यातल्या पाळीप्रमाणे येणारे-जाणारे आमचे हे. मधलं माणूसच राहिलं नाही. मामंजी भिंतीकडे तोंड करून सांगायचे, मी चुलीकडे तोंड करून ऐकायची. म्हातारी झालेली म्हैसही आम्ही विकली होती. कधी कधी सबंध दिवसात घरात एक शब्द उच्चारला जात नसे.

असाच एक दिवस. हे सकाळच्या पाळीला गेलेले. माझं डोकं तिसऱ्या दिवशीही उठलं होतं, आणि दुपार कलली तरी उतरत नव्हतं. गोळ्या संपल्या होत्या. मला ओकाऱ्या होत होत्या. मी स्वयंपाकघरात भिंतीला डोकं टेकून बसले होते आणि बहुधा कण्हत असेन. पावलं वाजली. मामंजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी येऊन उभे राहिले. या उंबऱ्याच्या आत मी असताना ते कधी आले नव्हते. मी पदर ओढायला गेले, पण हात वर जाईना.

“ऱ्हाऊ दे पदर,” ते म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले. लग्नानंतर इतक्या वर्षांनी त्यांनी माझ्याशी उच्चारलेलं ते पहिलं वाक्य.

मग ते खाली बसले. त्यांना बसायलाही वेळ लागायचा आता. उजवा हात त्यांनी पुढे केला आणि अर्ध्यावर थांबवला.

“पोरी,” ते म्हणाले, “तुला दिवस तर न्हाईत ना?”

इतक्या वर्षांपूर्वीचा प्रश्न. तो त्यांनी तेव्हा भिंतीआडून, मुलाच्या तोंडून, आडवळणानं विचारला होता आणि त्याला चुकीचं उत्तर मिळालं होतं. आज तो त्यांनी माझ्या तोंडावर विचारला. हे विचारणं त्यांना किती जड गेलं असेल, ते मला त्यांच्या कपाळावर दिसत होतं.

“न्हाई, मामंजी,” मी म्हणाले.

त्यांनी लगेच हात धरला नाही. ते थोडा वेळ तसेच माझ्याकडे बघत राहिले, जणू मी आणखी काही सांगणार होते. मग त्यांनी माझा हात घेतला आणि बेचक्यात धरलं. सासूबाईंचं नाही, ह्यांचं नाही, हे वेगळंच होतं. कुठे दाबायचं ते त्या बोटांना आपोआप ठाऊक होतं. कळ खांद्यापर्यंत गेली आणि मी मोठ्यानं रडायला लागले. डोक्यासाठी नाही. तेही रडत होते, पण त्यांनी हात सोडला नाही. डोकं उतरल्यावर ते म्हणाले, “फनी वळचनीला हाय. घेत जा.”

त्यानंतर मामंजी होते तोवर माझं डोकं तेच दाबायचे. दर वेळी आधी तोच प्रश्न. माझं दर वेळी तेच उत्तर. आणि त्या उत्तरानंतर ते दर वेळी हात पुढे करून थोडा वेळ थांबायचे. पहिल्यांदा मला वाटलं की भीतीनं थांबतात. मग कळलं की ते वाट बघतात. एकदा तरी मी “व्हय” म्हणावं, एकदा तरी त्यांना हात मागे घ्यायला मिळावा, माझं डोकं तसंच ठणकत राहावं, याची. मीही त्याचीच वाट बघत होते. पण डोकं मात्र प्रत्येक वेळी उतरलं.